पालथा पेला

८ जानेवारी

कोणाला सांगता येत नाही म्हणून वहीत लिहिते आहे. माझं नाक गेलं.

म्हणजे चेहऱ्यावर आहे जागच्या जागी, वास तेवढा गेला. नाताळात तापाने लोळवलं. ताप उतरला, खोकला उतरला, लुकासने कॉफी करून दिली तर ती नुसतं गरम पाणी. म्हटलं, या माणसाला लग्नाला इतकी वर्षं होऊनही कॉफी जमत नाही. तसं तोंडावर बोललेसुद्धा. मग परवा, पाणी पवित्र करण्याच्या सणाला पाद्रीबाबा घरोघर फिरत आले. तुळशीची जुडी पाण्यात बुडवून त्यांनी माझ्या कपाळाला लावली, थेंब नाकावरून ओघळले, आणि काही नाही. पावसात भिजलेलं गवतही यापेक्षा बोलकं असतं. तेव्हा कळलं की कॉफीचा काही दोष नव्हता. लुकासला मात्र ते सांगितलं नाही.

आमच्या घरात एक पेला आहे. साधाच, जाड काचेचा. ऑक्टोबरात संत आवेर्किओसच्या दिवशी नवी वाइन उघडतात, तेव्हा पहिला घोट त्या पेल्यातून एकच माणूस घेतो आणि त्याने हो म्हटल्याशिवाय कोणी ओठाला लावत नाही. आधी तो मान सासूबाईंचा होता. एका वर्षी त्यांनी घोट न घेताच पेला टेबलावर पालथा घातला, एक शब्द बोलल्या नाहीत, आणि मी तो उचलून सुलटा केला. तेव्हापासून तो माझा. लुकास मळा बघतो, आमचा मुलगा नेक्तारिओस गिऱ्हाईक बघतो, पण कुठल्या शेताची वाइन चांगली, कुठलीत काय आणि किती मिसळायचं, हे मी ठरवते. बेटावरच्या आमच्या पीरगोस गावात मला ‘लुकासच्या घरचं नाक’ म्हणतात. आता नाकच नसेल तर मी या घरात कोण? कांदे चिरणारी बाई, आणखी काय.

२० जानेवारी

गुडघे दाखवायला जाते सांगून बेटावरच्या मोठ्या गावी, फिराला, डॉक्टरकडे जाऊन आले. कोवळा पोरगा. म्हणाला, “बाई, नस दुखावली आहे. काही महिन्यांत येईल परत, किंवा नाही येणार.” म्हटलं, एवढं तर आमच्या कोंबड्याही सांगतील. मग म्हणाला, रोज वास घ्यायचा सराव करा. लिंबू, कॉफी, गुलाब, लवंग. लिंबू खिशात कुजेल, कॉफी सांडेल आणि या दिवसांत बेटावर गुलाब कुठला! म्हणून मूठभर लवंगा एप्रनच्या खिशात टाकल्यात. येता जाता हुंगते. सुक्या काड्या हुंगल्यासारखं वाटतं.

जीभ मात्र शाबूत आहे. खारट, आंबट, कडू सगळं कळतं. परतीच्या बसमध्ये तेवढ्यावरच विचार करत होते. आमच्या वाइनमध्ये फुलं नाहीत, फळं नाहीत. ज्वालामुखीची राख आणि पाय घासायच्या वजरीसारखा दगड, त्यात वाढलेली द्राक्षं. तिच्यात दगड असतो, मीठ असतं आणि कानशिलं आवळणारा आंबटपणा असतो. हे सगळं जिभेचं काम. मस्काटसारखी सुवासिक वाइन करणाऱ्या एखाद्या बाईचं नाक गेलं असतं तर ती बसली असती रडत. माझं निभावेल.

३ फेब्रुवारी

छाटणी चालू आहे. वेल जमिनीलगत गोल वळवून टोपलीसारखा विणायचा, म्हणजे द्राक्षं आत लपतात आणि वाऱ्याने करपत नाहीत. नेक्तारिओसची बायको थेकला पण येते विणायला. लारिसाकडची, कापूस पिकवणाऱ्या सपाटीवरची पोर. तिच्या टोपल्या ढिल्या. म्हटलं, “थेकला, यात द्राक्षं ठेवायची आहेत की मांजर झोपवायचं आहे?” तर हसली. या पोरीला राग येत नाही याचाच मला राग येतो.

लग्न होऊन आली तेव्हा अत्तराची बाटली अंगावर ओतून तळघरात उतरत होती. मी दारातूनच परत पाठवली, अंघोळ करून ये म्हटलं. आमच्या तळघरात अत्तर नाही, सुगंधी साबण नाही, लसूण खाल्लेलं तोंड नाही. वाइन सगळं ऐकते आणि नाकाला चकवते. एवढं साधं या आजकालच्या मुलींना शिकवावं लागतं.

दुपारी पिवळी डाळ चुलीवर होती. मी समोर उभी होते, चमचा हातात. थेकला अंगणातून धावत आली आणि भांडं खाली उतरवलं. “आई, लागली!” बघते तर खालून काळी. मी म्हटलं, मला अशीच हवी होती, धुरकट. लुकासने अख्खी थाळी संपवली आणि वर म्हणाला, “बरी लागते की वेगळी.” नेक्तारिओस ताटात बघत होता. थेकलाने पाणी आणून ठेवलं, सगळ्यांसाठी.

९ फेब्रुवारी

महाराणीने माझा फ्रिज आवरला. न विचारता. चीज फेकलं, मासे फेकले. म्हणे “जुनं होतं, आई.” माझ्या स्वयंपाकघरात माझ्या आधी तिला कळतं काय जुनं झालं ते! लुकासला सांगितलं तर तो म्हणाला, “असू दे गं, मदत करते.” या घरात हल्ली सगळे फार मदत करायला लागलेत.

२ मार्च

मिसळणीचा दिवस. रात्री झोप नाही. सकाळी लुकास म्हणाला, “आनेझिना, अंगात कणकण असली तर पुढच्या आठवड्यात करू.” म्हटलं, “का? माझ्या अंगाला काय झालंय?” तो तळघराची किल्ली शोधायला लागला.

चौघं खाली उतरलो. चार शेतांच्या चार टाक्या: गावाखालची, चर्चमागची, वरची आणि समुद्रकाठची. पायऱ्या उतरताना खिशातल्या लवंगा चाचपल्या, जरा धीर आला. नळ सोडला, पेला फिरवला, नाक आत घातलं, डोळे मिटले. वर्षानुवर्षं केलेलं आहे, अंगात भिनलेलं आहे. बघणाऱ्याला काय फरक दिसणार? मग घोट. गावाखालची सरळ, चर्चमागची जरा सुस्त, वरची खारट आणि लांब टिकणारी, नेहमीसारखी. समुद्रकाठची तोंडात घेतली आणि दचकलेच. असा आंबटपणा कित्येक वर्षांत चाखला नव्हता. दाढा शिवशिवल्या. म्हटलं, “ही! हिच्यात कणा आहे. सगळी घाला.”

थेकला खोकली आणि नाकाला रुमाल लावून वर निघून गेली. तळघराचा दमट वास सोसत नाही तिला अजून.

“सगळी?” लुकासने विचारलं.

“सगळी. ऐकू येत नाही का?”

“येतं,” म्हणाला. “बरं.”

जमलं! वर येऊन मी भांडी घासताना गात होते. जिभेवर निभावलं. पोरगा डॉक्टर गेला खड्ड्यात.

१६ मार्च

नवल घडलं. लुकासने स्वतःहून माझं अथेन्सजवळच्या पिरेअस बंदराच्या बोटीचं तिकीट काढलं. बहिणीकडे जाऊन ये, म्हणे, थकली आहेस. ज्या माणसाने मधुचंद्राला मला नाक्सोसच्या बैलबाजारात नेलं, त्याला आज माझा थकवा दिसला. म्हटलं, बाटल्या भरायच्या आहेत ना? तर म्हणाला, “तुझं काम झालं, मिसळण ठरवलीस. नळ उघडायला आम्ही आहोत.” हेही खरंच.

२ एप्रिल

परत आले. बाटल्या भरून, बूच मारून, लेबलं लावून तयार. पेट्या कमी वाटल्या. नेक्तारिओस म्हणाला, फुटल्या काही. धांदरट आहेत सगळे. रात्रीच्या जेवणाला एक उघडली. आंबट आहे, खारट आहे, पण त्या दिवशी दाढा शिवशिवल्या तशा शिवशिवल्या नाहीत. बाटलीत शांत झाली असेल. वास अजून नाही. लवंगा बदलल्या, जुन्या झिजल्या होत्या.

११ जून

आज अथेन्सहून उपाहारगृहवाला गिऱ्हाईक आला होता. टक्कल, महागडा चष्मा, बोलणं तोलून मापून. पेला हुंगला, प्यायला, परत हुंगला. मग म्हणाला, “किती वर्षं घेतोय तुमच्याकडून, इतकी स्वच्छ कधीच नव्हती. गारगोटी, लिंबाचं साल आणि समुद्र. बस्स, दुसरं काही नाही.” लुकासने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “ही बघा, आमच्या घराचं नाक.” मी मान झुकवली, पण डोळ्यांत पाणी आलं. सहा महिने जी भीती उरावर होती ती उतरली. निम्मी बाई आहे मी आणि तरी अख्ख्या बायकांपेक्षा सरस!

थेकला पेले उचलत होती. गिऱ्हाईक तिला म्हणाला, “तुमचं एक आवडलं. दुसरीकडे वाइन ओतायला मुली येतात त्या अत्तरात न्हाऊन. तुम्ही नाही लावत.” मला हसूच आलं. म्हटलं, “ही? अहो ही तर बाटली ओतून घेते!”

थेकला म्हणाली, “हिवाळ्यातच सोडलं, आई.”

कोणासाठी सोडलं कोण जाणे. नेक्तारिओसला आवडत नसेल.

१७ ऑगस्ट

तोडणी संपली. यंदा उत्तरेचा वारा वेड्यासारखा सुटला होता, तरी टोपल्यांनी द्राक्षं राखली. पाठ मोडली आहे. परवाच्या सणाला शेजारच्या वासिलोकडे जेवायला गेलो होतो. वासिलो चांगली आहे पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. कोशिंबिरीवर व्हिनेगर ओतता ओतता मला म्हणते, “आनेझिना, काय व्हिनेगर गं तुमचं! लुकासने दोन डबे दिले. समुद्रकाठच्या टाकीचं नुकसान झालं ते झालं, पण व्हिनेगर असं की बोटं चाटावीत.”

मी म्हटलं, “कुठली टाकी?”

“अगं, ती नाही का, हिवाळ्यात बिघडलेली. लुकास म्हणाला, दार उघडलं तरी वास यायचा.” मग माझ्या तोंडाकडे बघून कोशिंबीर ढवळायला लागली.

घरी येईपर्यंत लुकासशी बोलले नाही. हिवाळ्यात बिघडलेली. म्हणजे मी कणा आहे म्हटलं तो व्हिनेगरचा आंबटपणा होता. आणि ती मिसळलीच नाही त्यांनी. मला पिरेअसला पाठवून माझ्यामागे बाटल्या भरल्या. कोणी ठरवली ती मिसळण? लुकासला वासातलं ओ की ठो कळत नाही, नेक्तारिओसला नाक शिंकरण्यापुरतंच आहे.

कदाचित मी गेल्यावर बिघडली असेल. टाक्या बिघडतात. कदाचित मला वाईट वाटेल म्हणून बोलले नसतील. असं असेल. असंच असेल.

४ ऑक्टोबर

नाही, मला नक्की कळायला हवं. आज मी मुद्दाम खोटं बोलले.

नव्या वाइन शांत झाल्यात. चाखायला खाली उतरले, तिघं मागे. वरच्या शेताची वाइन तोंडात घेतली. वास नसला तरी जिभेला ती अंधारातसुद्धा ओळखू येईल. खारट, ताठ, गिळल्यावरही रेंगाळणारी. गेल्या किती वर्षांत इतकी चांगली झाली नव्हती. मी ती थुंकले आणि म्हटलं, “मेली ही. सडक्या अंड्याचा वास. ओतून टाका.”

म्हटलं, आता तरी भांडतील. लुकास म्हणेल, डोकं फिरलंय का बाई? नेक्तारिओस म्हणेल, आई, परत बघ. भांडले असते तर बरं झालं असतं.

लुकास थेकलाकडे बघत होता. माझ्याकडे नव्हे, तिच्याकडे. तिने पापण्यासुद्धा हलवल्या नाहीत. मग तो म्हणाला, “बरं. ओततो.”

५ ऑक्टोबर

टाकी रिकामी. धुतलेली, झाकण उघडं. लुकासने मला नेऊन दाखवली. “झालं तुझ्या मनासारखं.” वरच्या शेताची वाइन, माझ्या एका शब्दावर, हट्टापायी! दिवसभर घास उतरला नाही. आणि खरं सांगायचं तर आत कुठेतरी बरंही वाटत होतं. ऐकतात अजून माझं.

७ ऑक्टोबर

आज दुपारी सगळे आडवे झाले तेव्हा तळघरात जाऊन बसले. रिकामी टाकी बघवेना म्हणून अगदी मागे, जिथे सासूबाईंच्या काळचं मोठं पिंप पडून आहे, तिकडे गेले. बसता बसता कोपर पिंपाला लागलं. रिकाम्या पिंपासारखा आवाज आला नाही. पुन्हा बोटाच्या पेरांनी वाजवलं. बद्द. काठोकाठ भरलेलं. तोटी जराशी फिरवली, बोटावर थेंब घेतला, चाटला.

वरचं शेत.

हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात पायऱ्यांवर पावलं वाजली. मी पिंपामागे सरकले. लुकास आणि थेकला. तिने तोटीखाली पेला धरला, हुंगल्याचा आवाज आला, बराच वेळ. मग म्हणाली, “छान आहे बाबा. आईंना माहीत असणार छान आहे ते. आपली परीक्षा घेत होत्या.”

“असेल.”

“मग सांगूया ना आता. मला नाही बघवत. मिसळणीच्या दिवशी त्या खिशात लवंगा घेऊन खाली उतरल्या, सगळं तळघर लवंगांनी भरलं होतं. मला वाटलं, नेक्तारिओस आता बोलेल. कोणीच बोललं नाही. मला रडू आलं म्हणून मी वर पळाले.”

“त्याआधीच कळलं होतं मला,” लुकास म्हणाला. “डाळ लागली त्या दिवशी. ती समोर उभी होती.” मग म्हणाला, “पेला तिचा आहे. ती पालथा घालेल तेव्हा घालेल. तोवर विचारायचं तिला, आणि करायचं तुला योग्य वाटेल ते.”

“आणि कळलं तर?”

“कळणार कसं तिला?”

ते गेले तरी मी तशीच बसून होते. लवंगा. या घरात साबणाला बंदी करणारी मी, मूठ मूठ लवंगा खिशात घालून तळघरात उतरले. जगात सगळ्यांना वास येत होता, मी सोडून. ती रुमाल लावून वर गेली, आणि मी भांडी घासत गात होते.

नवरा, मुलगा, सून. वर्षभर माझा तमाशा बघत बसले. समोर ‘बरं, बरं’ आणि पाठ फिरली की त्या लारिसाच्या पोरीचं नाक. धुरकट डाळ खाऊन वर बरी लागते म्हणणारा हा माणूस. शत्रूनेसुद्धा तोंडावर सांगितलं असतं. कळणार कसं तिला, म्हणे! एवढं कोणी मला आयुष्यात हिणवलं नव्हतं.

लवंगा चुलीत टाकल्या. तडतडल्या, म्हणजे वास पसरला असणार घरभर.

२१ ऑक्टोबर

उद्या आवेर्किओसचा दिवस. ठरवलं आहे. पाद्रीबाबा, वासिलो, निम्मं गाव अंगणात असेल, तेव्हा सगळ्यांसमोर मी पेला पालथा घालणार. मग बघते एकेकाचं तोंड. लुकास हात धरेल, “आनेझिना, असं करू नकोस” म्हणेल. नेक्तारिओसला शरम वाटेल. थेकला पायाशी येईल. आणि मग मी सगळं सांगेन, व्हिनेगरसकट, पिंपासकट, गावाला कळू दे या घरात म्हातारीला कसं खेळवतात. सासूबाईंचा शब्दही निघाला नव्हता. माझा निघेल. भाषण मनात तयार आहे.

२२ ऑक्टोबर

पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली. अंगण भरलं होतं. लुकासने पेला भरून माझ्यापुढे ठेवला. वरच्या शेताची वाइन, त्या मागच्या पिंपातली, रंगावरून ओळखली. म्हणजे लपवायचं सोडूनच दिलं होतं त्याने. सगळे माझ्याकडे बघत होते. मी पेला उचलला, वाइन फुलझाडाच्या मुळाशी ओतली आणि पेला टेबलावर पालथा घातला.

मग थांबले. आता बोलतील म्हणून.

पाद्रीबाबांनी क्रूसाची खूण केली. वासिलोने मान डोलावली, जणू तिला आधीच कोणी सांगून ठेवलं होतं. लुकासने श्वास सोडला, लांब, फार दिवस धरून ठेवल्यासारखा. माझा हात कोणी धरला नाही. का म्हणून एकानेही विचारलं नाही. भाषण तोंडातच राहिलं. विचारलंच नाही तर सांगणार कोणाला?

थेकला पुढे आली. पेला उचलून सुलटा केला आणि पुसला. पुसायचं कापड तिच्या हातात आधीपासूनच होतं, पांढरं, इस्त्री केलेलं.

नेक्तारिओसने तिच्यासाठी वाइन ओतली. तिने नाक आत घातलं, डोळे मिटले. अगदी माझ्यासारखंच धरते ती पेला, खालून, दोन बोटांत. हे कधी शिकली माझ्याकडून, मी तर शिकवलं नव्हतं. घोट घेतला.

“गारगोट्या घासल्यावर येतो तसा वास,” ती म्हणाली. “मग लिंबाचं साल. आणि शेवटी, खडकावर वाळलेलं समुद्राचं पाणी.”

सगळे तिच्याकडे बघत होते. ती एकटी माझ्याकडे बघत होती.

“बरोबर आहे ना, आई?”

मी हो म्हटलं. सगळ्यांनी पेले उचलले, आरडाओरडा सुरू झाला, लुकासने मलाही एक भरून दिला. आंबट होती, खारट होती.

बरोबर असेलही. मला कळायला मार्ग नाही.